'आय-२९' नव्हे, 'इ-२९'!

प्रश्न असा आला आहे : दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या जपानी 'आय क्लास' पाणबुड्यांना मराठीत 'आय वर्ग' म्हणावं की 'आय प्रकार'?

दोन्ही नको, आणि आधी तो 'आय' काढा! एप्रिल १९४३ मध्ये मादागास्करजवळ भर समुद्रात सुभाषबाबूंना जर्मन पाणबुडीवरून उतरवून घेणारी जपानी पाणबुडी आपल्याकडे लेखांत, भाषणांत कायम 'आय-२९' असते. ते इंग्रजी अक्षर नाहीच, तो जपानी 'इ' आहे. देवनागरीत 'इ' असताना रोमन लिपीचा वळसा कशाला? 'आय म्हणजे इम्पीरियल' असं ठणकावणारेही भेटतात. मग बाकीच्या जपानी पाणबुड्यांच्या नावांतले 'रो' आणि 'हा' कशाचे, ते त्यांनी सांगावं.

१९२४ साली जपानी नौदलाने पाणबुड्या टनांवरून वाटल्या. हजार टन आणि त्यावरची 'इ', पाचशे ते हजार 'रो', त्याखालची 'हा'. म्हणजे ही श्रेणी झाली : पहिली, दुसरी, तिसरी. प्रकार ठरतो आराखड्यावरून. दूरवर एकटी फिरणारी 'जुनसेन', ताफ्याबरोबर धावणारी 'काइदाई', दोघी 'इ'च.

पण इ-रो-हा हा क्रम आला कुठून? खरा आनंद इथे आहे. जपानी मुळाक्षरांचा दुसरा क्रम, अ-क-स-त-न, संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून गेलेला. इ-रो-हा ही मात्र एका कवितेची सुरुवात. अक्षरं ४७, प्रत्येक एकदाच! 'इरो' म्हणजे रंग : फुलांचा रंग कितीही दरवळला तरी गळून जातो. परंपरा सांगते की ही कविता म्हणजे 'अनिच्चा वत सङ्खारा, उप्पादवयधम्मिनो' (सगळं अनित्य आहे, उपजतं ते नाश पावतं) या पाली गाथेचंच जपानी रूप. महाराष्ट्रात बौद्ध अंत्यविधीला ही गाथा म्हणतात, म्हणजे तिचा अर्थ आपल्याला परका नाही.

कवितेचं श्रेय कूकाई या भिक्षूला देणारे मला साफ चुकीचे वाटतात. कूकाई वारले ८३५ मध्ये, कविता लिहिलेली सापडते १०७९ मध्ये. शिवाय त्यांच्या काळी 'ए' आणि 'ये' हे उच्चार वेगळे होते. कवितेत दोन्हींना मिळून एकच अक्षर आहे, म्हणजे ती हे उच्चार एक झाल्यानंतरची. आणखी कोणता पुरावा हवा?

सुभाषबाबू जिच्यातून सुमात्राकडे गेले, तिच्या नावातलं अक्षर त्या कवितेचं पहिलं अक्षर आहे. त्याला 'आय' म्हणू नका.