दोन दिवस भरपगारी

पोरी,

कंपनीनं स्वयंसेवेसाठी वर्षाला दोन दिवस भरपगारी जाहीर केलेत आणि तुझा सुपरवायझर म्हणतोय, "माल डिस्पॅच व्हायचा अडकलाय, आणि तुला समाजसेवा सुचतीया होय?" जा तू, बिनधास्त जा. फक्त कुठल्या कामाला जायचं ते आधी ठरव.

पहिल्यांदा हिशेबाचं बोलू. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५ कोटींच्या वर नफा किंवा १००० कोटींची उलाढाल असली, की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर घालावे लागतात. पण तुमच्या या दोन दिवसांचा पगार त्यात धरता येत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०२१ मध्ये ते स्पष्ट केलंय. म्हणजे हे दिवस कंपनी पदरचे देते. त्यात तिचाही स्वार्थ आहेच. इथं तयार झालेली पोरं चार दिवसांत पुण्याची वाट धरतात, ती टिकावीत असं तिला वाटतं. वाटू दे की.

तसं कोल्हापूरला मदतीला धावायचं कुणी शिकवायला नको. २०१९ च्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३ फूट. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली. तालमी-मंडळांची पोरं काय परिपत्रकाची वाट बघत बसली नव्हती. पण पाणी उतरलं, चिखल निघाला, बिस्किटांचे पुडे वाटून झाले, की चिखली-आंबेवाडीसारख्या गावांकडं कोण फिरकतंय? शेतकऱ्याचं खरं नुकसान तर तेव्हा उघडं पडतं. नदीकाठावरची पाणी उपसायची मोटार गाळानं भरलेली, स्टार्टर गेलेला, आणि रिवायंडिंगवाल्याकडं, म्हणजे मोटारीतली तार नव्यानं गुंडाळून देणाऱ्याकडं, ही रांग.

तुमच्यासारख्यांचं काम तिथं आहे. मोटार उघडायची, गोड्या पाण्यानं गाळ धुवायचा, बेअरिंग बदलायचं, वायंडिंग, म्हणजे आतली गुंडाळलेली तार, नीट वाळवायचं. मग मेगर हे मोजायचं यंत्र लावून इन्सुलेशन, म्हणजे तारेवरचं वीज अडवणारं आवरण शाबूत आहे का, ते बघायचं. रीडिंग चांगलं आलं तर रिवायंडिंगचा खर्च वाचला. नाही आलं तर मोटार चालू करायची नाही, मालकानं कितीही गळ घातली तरी. मेन्टेनन्समधल्या माणसाला हे हातचं काम, आणि ते त्यानं करायचं सोडून बॅनर धरून झाडं लावत उभं राहावं? झाडं लावणाऱ्यांना माझी ना नाही. मार्चमध्ये त्यांना पाणी घालायला कोण जाणार तेवढं विचारून ठेव.

तुझा फायदा म्हणशील तर तो माणसांत आहे. कारखान्यात शॉपवर तू ट्रेनी, स्टोअरवाला तुला अर्धा तास ताटकळत ठेवतो. त्याच्याच मांडीला मांडी लावून बेअरिंग ओढलंस, की पुढच्या ब्रेकडाऊनला तो तुझा फोन पहिल्या रिंगला उचलेल. अकाउंट्समधली बाई, क्यूसीतला, म्हणजे मालाची तपासणी करणारा मुलगा, ज्यांच्याशी एरवी फक्त मेलवर भांडण, त्यांची नावं कळतात. आणि शेतकऱ्याला 'इन्सुलेशन रेझिस्टन्स' म्हणून चालत नाही, त्याला पटेल असं सांगावं लागतं. हे कुठल्या ट्रेनिंग रूममध्ये मिळत नाही.

आता बारीकसारीक. आधी सरपंचांना नाहीतर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना फोन करून नक्की काय बिघडलंय ते विचार. आपल्या मनानं ठरवून जाऊ नको. डबा घरून न्या. ज्यांचं घर आत्ताच वाळलंय त्यांना तुमच्यासाठी भाकऱ्या थापायला लावू नका. फोटो एखादा काढा, तोही मालकाला विचारून. शेतातला वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री स्वतः कर, कुणी "बंद हाय वो" म्हटलं म्हणून हात घालायचा नाही.

सुपरवायझरशी वाद घालत बसू नको. डिस्पॅच झाल्यानंतरची तारीख त्यालाच विचार, आणि जमलं तर त्यालाही ओढ. जुन्या माणसाच्या हाताला मोटारीचं जे कळतं ते तुला अजून वर्षभर कळायचं नाही. मेगर कंपनीचा असेल तर रिटर्नेबल गेटपास, म्हणजे वस्तू बाहेर नेऊन परत आणायची परवानगी, आदल्या दिवशीच करून घे. सकाळी सातला स्टोअर बंद असतं.

तुझा,
काका