खांद्यावरचा रॉकेट लाँचर आणि ट्रकवरचा रॉकेट लाँचर: दोघांना एकच नाव कसं?

तुमचा प्रश्न असा आहे की सैनिक खांद्यावर घेतो तोही रॉकेट लाँचर आणि ट्रकवर चाळीस नळ्या बसवतात तोही रॉकेट लाँचर, मग हे प्रकार तरी किती? मी लष्करात नव्हतो, पण या विषयावर बरीच वर्षं वाचतोय.

दोघांत सारखी आहे ती नळी. तोफेत दारूचा दाब बंद नळीत कोंडतो, गोळा पुढे गेला की धक्का तोफेला मागे बसतो, म्हणून तोफ जाड आणि जड. रॉकेट स्वतःच्या इंधनावर जातं आणि वायू मागच्या उघड्या तोंडातून निघून जातात. नळीने फक्त दिशा द्यायची. ती हलकी असली तरी भागतं, म्हणून खांद्यावर पेलते आणि ट्रकवर चाळीस मावतात.

खांद्यावरच्यांची सुरुवात 1942 च्या अमेरिकन बझूकापासून धरतात. पण समजून घ्यावा असा नमुना म्हणजे 1961 पासूनचा सोव्हिएत आरपीजी-7. नळी 40 मिलिमीटरची, पुढे बाहेर राहणारा स्फोटक भाग मात्र मूळ दारूगोळ्यात 85 चा. घोडा ओढला की आधी छोटी दारू त्याला बाहेर फेकते. रॉकेटची मोटर पेटते ती दहाएक मीटर पुढे गेल्यावर, म्हणून डागणाऱ्याचा चेहरा भाजत नाही. मागे मात्र कुणी उभं राहायचं नाही, तिथे ज्वाळा येते.

याचं वाऱ्याशी वागणं तर फार सुंदर आहे. आडव्या वाऱ्यात रॉकेट वाऱ्याबरोबर वाहत जाईल असं वाटतं ना? मोटर जळत असेपर्यंत उलट होतं. वारा मागच्या पंखांवर आदळतो, शेपूट ढकलली जाते, नाक वाऱ्याकडे वळतं आणि मोटर त्याला नाकाच्या दिशेनेच नेते. म्हणून नेम वारा जातो त्या बाजूला सरकवून धरावा लागतो. कागदावर चित्र काढून पाहा, लगेच पटेल.

एकदाच वापरून टाकायचेही असतात, उदाहरणार्थ 66 मिलिमीटरचा एम-72. आणि स्वीडनची 84 मिलिमीटर कार्ल गुस्ताफ? आपल्याकडे तिला सर्रास रॉकेट लाँचर म्हणतात, पण ती खरं तर धक्काविरहित तोफ आहे. तिची दारू नळीतच जळते आणि बरेचसे वायू मागे सोडून मागे बसणारा धक्का नाहीसा केला जातो. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

ट्रकवरच्यांचा हेतूच वेगळा. एक रॉकेट नेमकं लागेल याचा भरवसा नाही, म्हणून एकदम अनेक सोडून अख्खा परिसर झोडपायचा. 1941 च्या जुलैत सोव्हिएत सैन्याने कात्युशा पहिल्यांदा वापरल्या, 132 मिलिमीटरची 16 रॉकेट्स. पुढे आलेली ग्राद 122 ची 40 रॉकेट्स सुमारे 20 सेकंदांत रिकामी करते. आपली पिनाका 214 ची 12 रॉकेट्स 44 सेकंदांत सोडते. डागून झालं की लगेच जागा बदलायची, कारण धुराचे लोट आणि शत्रूचं रडार ठावठिकाणा सांगून टाकतात.

आता उपग्रहाच्या साहाय्याने दिशा धरणारी रॉकेट्स आली आणि हा हेतूच बदलला. अमेरिकेच्या हायमार्सवर फक्त सहा असतात, पण 70 किलोमीटरवरचा एकच पूल किंवा कोठार नेमून मारता येतं. त्याच जागी सहांऐवजी एकच मोठं एटॅकम्स क्षेपणास्त्रही बसतं, त्याचा पल्ला 300 किलोमीटरपर्यंत जातो.