पणजोबांचं ‘त्र्यंबक’ पणतूला शोभेल का?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो, मूळचे नाशिकचे. एप्रिलमध्ये बाळ येणार आहे आणि मुलगा आहे हे कळलंय. सासऱ्यांना त्यांच्या वडिलांचं ‘त्र्यंबक’ हे नाव हवंय. नवऱ्यालाही आवडतं. मला मात्र धास्ती वाटते. असं जुनं नाव पुन्हा फॅशनमध्ये येतं का?

उत्तर: येतं, पण सरसकट नाही. वडिलांच्या पिढीतलं नाव शिळं वाटतं, कारण त्या नावाचे चार काका आजूबाजूला असतात. पणजोबांच्या नावाचं कोणी उरलेलं नसतं. म्हणून रमेश, सुरेश, दिलीप आता बारशात ऐकू येत नाहीत आणि राघव, केशव, मल्हार येतात. इंग्लंडमध्येही हेच घडलं. ‘आर्थर’ 2018 मध्ये पहिल्या दहा नावांत पोहोचलं, ते 1920 च्या दशकानंतर पहिल्यांदाच.

काही नावं मात्र गेली ती गेलीच. धोंडू, दगडू ही नावं मुलं जगत नसत तेव्हा नजर लागू नये म्हणून ठेवली जायची. ते भय ओसरलं, नावंही ओसरली. त्र्यंबकेश्वरला 1870 मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचं नाव धुंडिराज, म्हणजे साक्षात गणपतीचं. पण ऐकणाऱ्याला ते धोंडूच्याच रांगेतलं वाटतं, त्यामुळे त्याचंही कठीण दिसतं. पांडुरंग सुरेख आहे, फक्त हाक ‘पांडू’ अशी गेली की हवालदार आठवतो. राहिलं ‘राव’ आणि ‘पंत’. ती मानाची शेपटी आहे, जन्मदाखल्यात नको.

त्र्यंबकला यातलं काहीच आडवं येत नाही. नाशिककराच्या कानात त्यामागे त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी डोंगर आणि कुशावर्त कुंड उभं राहतं. हे नाव घरोघरी होईल असं आम्हाला वाटत नाही, पण जुनाट म्हणून हसंही होणार नाही. खरी अडचण आहे स्पेलिंगची. ‘टी-आर-वाय’ने सुरुवात केलीत तर अमेरिकन शिक्षिका ‘ट्राय-अँबॅक’ वाचणार. ‘टी-आर-आय-एम-बी-ए-के’ लिहा, उच्चार ‘ट्रिंबक’ होईल, आणि आपल्याकडेही बोलताना बरेच जण ‘त्रिंबक’च म्हणतात. आडनाव ‘क’ने सुरू होत असेल तर पूर्ण नाव दहा वेळा मोठ्याने म्हणून बघा. ‘त्रिंबक कुलकर्णी’ भरभर म्हटलं की एक ‘क’ गिळला जातो. कॉफीच्या दुकानात ऑर्डर देताना हे नाव सांगा आणि कपावर काय लिहून येतं ते पाहा. एवढी स्वस्त परीक्षा दुसरी नाही. (हाच प्रश्न जर्मनीतून आला असता तर आम्ही आधी विनायक आणि जयंतबद्दल सावध केलं असतं: तिथे ‘व्ही’चा बऱ्याचदा ‘फ’ होतो आणि ‘जे’चा ‘य’.)

‘मग त्र्यंबक मधलं नाव म्हणून घालू’ ही तडजोड बहुतेक घरांत सुचते. ती करू नका. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. ‘अद्वैत त्र्यंबक कुलकर्णी’ असं नाव नाशिकमध्ये वाचणारा प्रत्येक जण त्र्यंबक हे वडील समजणार. पुढे जमिनीच्या सातबाऱ्यावर वारस नोंद करायची वेळ आली की वडिलांचं नाव जुळत नाही म्हणून प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागू शकतं. ठेवायचं तर पहिलं नाव म्हणून ठेवा, नाहीतर पाळण्यातल्या नावापुरतं ठेवा.

ठरवायला वेळही कमी आहे. बारसं बाराव्या दिवशी, पण हॉस्पिटलचा जन्मनोंदणीचा फॉर्म घरी सोडण्याआधीच हातात येतो. सोशल सिक्युरिटी नंबरचा अर्जही त्याच फॉर्मवरून जातो. नावच नसेल तर नंबर अडतो. तिथे चुकलेलं अक्षर पुढे पासपोर्टात आणि ओसीआय कार्डात (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) जसंच्या तसं उतरतं. म्हणून स्पेलिंग आधीच कागदावर लिहून बॅगेत ठेवा आणि फॉर्म दोघांनी वाचा.

नक्षत्राचं अक्षर पाहणार असाल तर नाशिकच्या गुरुजींना नुसतं ‘सकाळी सात’ कळवू नका. जन्मगाव आणि तिथली स्थानिक वेळ, दोन्ही सांगा. नक्षत्राच्या प्रत्येक चरणाचं, म्हणजे पाव भागाचं, अक्षर वेगळं. चंद्राला असा एक चरण ओलांडायला साधारण सहा तास लागतात आणि एप्रिलमध्ये न्यू जर्सी भारताच्या साडेनऊ तास मागे असतं. तुमची वेळ भारताची समजून पंचांग पाहिलं तर चरण एक-दोन घरं सरकतो आणि अक्षर चुकतं. ते अक्षर ‘त्र’ निघालं नाही तरी बिघडत नाही. शास्त्रात नावं चार सांगितली आहेत: देवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं. नक्षत्राचं वेगळं ठेवा, त्र्यंबक व्यवहारात राहू दे.

आता सासूबाई. त्र्यंबक हे त्यांच्या सासऱ्यांचं नाव. जुन्या वळणाच्या घरात सुना सासऱ्यांचं नाव उच्चारत नाहीत, मग ‘त्र्यंबक, दूध सांडू नकोस’ हे त्यांच्या तोंडून कसं निघणार? अशा घरांतून नातवाला बापू, अण्णा, नाना म्हणायची रीत होती ती याच अडचणीतून. घरचं नाव त्यांनाच सुचवू द्या आणि बारशाच्या आधी विचारा. नाहीतर शाळेतली मुलं ‘ट्रिम’ म्हणायला लागतील, आणि तेच घरात येईल.