घरी बीअर उकळताना हॉप्स सुटे टाकावेत की पुरचुंडीत? पुरचुंडीने कडवटपणा आणि वास कमी होतो का?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की तुमचे मित्र म्हणतात, "पुरचुंडी आमटीच्या मसाल्याला ठीक आहे, बीअरला नाही." जवळपास हेच वाक्य मी २०१९ पासून माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकतेय. म्हणून उत्तर लिहायला बसले.

हॉप्स म्हणजे बीअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं. त्यांच्या पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) वापरत असाल आणि पातेल्याला खाली नळ असेल, तर पुरचुंडीतच टाका. मोठी घ्या आणि सैल बांधा. का, ते सांगते.

दादा ऐरोलीला राहतो. नोकरीसाठी तीन वर्षं जर्मनीत होता, तिथे बीअर करायला शिकला आणि परत आल्यावर मला शिकवलं. माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) पाण्यात ६५-६७ अंशांवर तासभर का ठेवायचं, उकळताना झाकण का ठेवायचं नाही, हे सगळं मला त्याच्याकडून मिळालं आणि ते मी कुणालाही सांगते. पण हॉप्सच्या बाबतीत तो एकच गोष्ट धरून बसलाय: सुटे म्हणजे सुटे.

२०१९ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. वर्तकनगरला माझ्या स्वयंपाकघरात २० लिटरचा घाणा घातला होता. जांभळी नाक्यावरून आणलेलं स्टीलचं पातेलं, त्याला दादाने तळाशी नळ बसवून घेतलेला. सुरुवातीला कडवटपणासाठी २० ग्रॅम मॅग्नम, शेवटच्या पंधरा मिनिटांत आणि गॅस बंद केल्यावर मिळून वासासाठी ८० ग्रॅम कॅस्केड. मॅग्नम आणि कॅस्केड ह्या हॉप्सच्या जाती. सगळं सुटं. मी म्हटलं, आईकडची मलमल आहे, बांधून टाकू. दादा म्हणाला, "बांधलेल्या हॉप्समधून काही उतरत नाही." मी गप्प बसले, कारण तेव्हा शिकाऊ मीच होते.

ऑक्टोबरात ठाण्यात टाकीचं पाणीच कोमट येतं, त्यामुळे तांब्याच्या कॉइलमधून आधी साधं आणि मग बर्फाचं पाणी फिरवत वर्ट (माल्टचं उकळलेलं गोड पाणी) २४ अंशांवर आणायला पाऊण तास गेला. मग नळ सोडला. पहिले दोन लिटर सुंदर आले, गव्हाळ रंगाचे, स्वच्छ. मग धार बारीक झाली, मग थेंब थेंब, मग बंद. दादाने नळाला रबरी नळी लावून तोंडाने फुंकलं. मी "तोंड लावू नकोस" म्हणेपर्यंत दोनदा फुंकून झालं होतं. मग विणायची सुई घालून झाली. शेवटी दोघांनी पातेलं उचलून पिठाच्या चाळणीतून ओतलं, तीही अर्ध्यात तुंबली. फर्मेंटरमध्ये (बीअर आंबवायच्या डब्यात) गेलं जेमतेम १४ लिटर, तेही गाळासकट. आठवड्याने झाकण उघडलं तर आंबूस वास. सगळं मोरीत ओतलं. चार तास उभं राहून केलेलं काम असं ओतताना काय वाटतं ते करणाऱ्यालाच कळतं.

दादाचं म्हणणं आजही असं की बर्फाच्या पाण्याने घाण झाली. बर्फाचं पाणी कॉइलच्या आतून वाहत होतं, वर्टला त्याचा थेंबही लागला नाही. मी त्याच रात्री पाना घेऊन नळ उघडला होता. आतल्या वळणावर भिजवलेल्या मेंदीसारखा हिरवा गाळ गच्च बसला होता. बोटाने दाबला तर बोटावर लेप राहिला, आणि वास पपनसाच्या सालीचा. कॅस्केडचा तोच वास, जो बीअरमध्ये यायला हवा होता.

पेलेट म्हणजे वाळवलेली हॉप्सची फुलं दळून, दाबून केलेल्या गोळ्या. उकळत्या वर्टमध्ये पडल्या की बघता बघता विरघळल्यासारख्या फुटतात आणि फुगतात. त्या तळाशी बसणारच, आणि तळाशी नळ असेल तर नळात जाणारच. दादाची जर्मनीतली पद्धत चुकीची नव्हती. तिथे पातेल्याला नळच नव्हता. गोल ढवळून भोवरा करायचा, वीस मिनिटं हात लावायचा नाही, गाळ मध्यभागी ढिगासारखा बसला की कडेने, वरून, नळीने वर्ट काढून घ्यायचं. तसं करत असाल तर खुशाल सुटे टाका. त्याने पद्धत तिथली ठेवली आणि पातेलं इथलं घेतलं.

आता माझी चूक. पुढच्या घाण्याला मी पुरचुंडी केली, पण गच्च आवळून. तासाभराने उघडली तर बाहेरचा थर लगदा आणि मध्ये घट्ट गोळा. फोडला तर आत फिकट हिरवा, नुसता ओलसर. बीअर फिकी झाली. आई तेव्हा माझ्याकडे आली होती. तिने तो गोळा हातात घेऊन सांगितलं, "तू श्रीखंडाच्या चक्क्याची गाठ मारलीस. ती पाणी काढायला असते. ह्याला पाणी आत जायला हवं." आईने बीअर कधी चाखलेली नाही, पण मला कामाचा सल्ला मिळाला तो तिचाच.

तेव्हापासून पिशवी हॉप्सच्या पाचपट तरी मोठी असते. वर दोरा, तो पातेल्याच्या कानाला. तळाशी चिकटू नये एवढी उंच, आणि दर दहा मिनिटांनी वरखाली बुचकळायची. कडवटपणा येतो तो हॉप्समधली अल्फा आम्लं वर्टमध्ये उतरून उकळताना बदलतात त्यातून, म्हणजे मुद्दा फक्त वर्ट आत-बाहेर खेळतंय का एवढाच आहे. तरी सुरुवातीचे हॉप्स मी दहा टक्के वाढवून घालते.

मी रबाळ्याला एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे, त्यामुळे नुसतं बोलून माझं समाधान होत नाही. २०२२ च्या भाऊबीजेला एकाच कृतीचे दोन घाणे तयार ठेवले, एक सुटा (भोवरा करून, नळीने काढलेला), एक पिशवीतला. दादासमोर तीन पेले ठेवले, दोन एकसारखे, एक वेगळा. वेगळा ओळखायचा. तीनदा केलं, त्याने एकदा ओळखला. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तिनात एकदा बरोबर येतंच. तीन वेळांवरून मी काही सिद्ध झालं असं म्हणणार नाही, पण "ही बीअरच नाही" असं म्हणणाऱ्याला पहिल्या घोटात कळायला हवं होतं. वहिनी साक्षीला होती.

स्टीलची जाळीदार नळकांडी मिळतात, तीही चालतात. अरुंद घेऊ नका, आत उकळी नीट येत नाही. ४०० मायक्रॉनची (०.४ मिलिमीटर भोकांची) जाळी पेलेटना पुरते, थोडा बारीक गाळ सुटतो तो फर्मेंटरच्या तळाशी बसतो. अख्खी फुलं मिळाली तर मात्र माझं सगळं म्हणणं बदलेल, कारण त्यांचा थर स्वतःच गाळणीचं काम करतो.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, घरापुरतं केलं तरी. सामान विकत घ्यायच्या आधी ह्याचा विचार करा. आणि वापरलेले हॉप्स सोसायटीच्या खतखड्ड्यात किंवा उघड्यावर टाकू नका. कुत्र्यांना ते विषारी असतात, अंगाचा ताप भराभर चढतो आणि जीवही जातो. आमच्या बिल्डिंगखाली चार कुत्री आहेत, म्हणून मी लगदा पिशवीत बांधून, वर गाठ मारून थेट घंटागाडीत देते.

दादा हे वाचेल. तो नळ मी फेकलेला नाही, ओट्याखालच्या डब्यात आहे. पुढच्या भाऊबीजेला बर्फाचा विषय काढलास तर आधी तो हातात घेऊन बघ.