खाट कोपऱ्यात सरकव

प्रिय मित्रा,

तुझ्या प्रसूतिगृहाचा प्लॅन पाहिला. अंगण सुरेख जमलंय. पण प्रसूतीच्या खोलीत खाट बरोबर मधोमध आहे आणि दार तिच्या पायथ्याशी उघडतं. आत डोकावणाऱ्या प्रत्येकाला बाई आधी त्याच बाजूने दिसणार. हे पहिलं बदल. खाट कोपऱ्यात सरकव, दाराचं पान उघडताना खाट झाकली जाईल असं फिरव आणि आत पडदा दे. मोकळी झालेली जमीन कळा सोसणारीची. तिला येरझाऱ्या घालायच्या असतात, ओणवं व्हायचं असतं, कठड्याला रेलायचं असतं. खोली 20 चौरस मीटरहून लहान नको. संडास आणि शॉवर खोलीला लागूनच हवेत आणि तिथे दीड मीटर व्यासाची जागा मोकळी राहायला हवी.

खोल्या दोनच का? वर्षाला 300 बाळंतपणं, साफसफाई धरून प्रत्येकीला एक दिवस, म्हणून सरासरी 0.82 खोली, असं तू मांडलंयस. भागाकार बरोबर आहे, पण कळा काही सरासरीने येत नाहीत. प्वासाँ वितरणाने, म्हणजे अवचित घडणाऱ्या गोष्टी एकाच वेळी किती जमतील ते सांगणाऱ्या गणिताने, हिशेब करून बघ. वर्षातला सुमारे 5 टक्के वेळ, म्हणजे 18-19 दिवस, एकाच वेळी तिघी किंवा जास्त जणी असतील. तिसरी खोली दिलीस तर जागा अपुरी पडण्याचा वेळ 1 टक्क्यावर येतो. एरवी तीच खोली तपासणीला वापरता येईल.

कळा सोसताना बाईने बसायचा पाण्याचा हौद वरच्या मजल्यावरून खाली आण. दीड मीटर व्यास आणि 60 सेंटिमीटर पाणी म्हणजे हजार लिटरहून जास्त, चौरस मीटरला 600 किलो. राहत्या घराच्या स्लॅबला आपण साधारण 200 धरतो. शिवाय हौद भिंतीत कोंबू नकोस. बाईला भोवळ आली तर तिला उचलून काढायला तीन बाजू मोकळ्या लागतात.

आपल्या लोकांना आरपार वारा फार प्रिय. नुकत्याच जन्मलेल्या ओल्या बाळाला तो मानवत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रसूतीच्या खोलीसाठी 25 ते 28 अंश सेल्सिअस तापमान सांगते, तेही झोत न येता. खिडक्या उंच आणि घट्ट बंद होणाऱ्या ठेव. बाळाला श्वास द्यायचं टेबल त्याच खोलीत, आईच्या नजरेत हवं. ऑक्सिजन आणि सक्शन (नाकातोंडातला द्रव ओढून घेणारं यंत्र) कपाटाच्या दाराआड लपव, पण एका हाताने उघडेल असं. दिव्यांना डिमर दे. टाके घालायला मात्र प्रखर, हवा तसा वळवता येणारा वेगळा दिवा लागतो.

आता सगळ्यात कच्ची जागा. रक्तस्राव थांबेना तर बाईला मोठ्या रुग्णालयात हलवावं लागतं आणि तुझं स्ट्रेचर नातेवाइकांच्या ओसरीतून, दोन काटकोनी वळणं घेत जातंय. खाटेपासून रुग्णवाहिकेपर्यंत एक रेघ ओढ. वाटेत उंबरा नको, दारांची मोकळी रुंदी 1.2 मीटर, उतार 1:12 हून (12 मीटर लांबीला 1 मीटर चढ) तीव्र नको आणि गाडी छताखाली उभी राहायला हवी. वळणाचं माप काढताना दोन मीटरच्या स्ट्रेचरसोबत दोन्ही टोकांची माणसंही मोज. मळके कपडे आणि वार नेण्याची वाट याहून वेगळी ठेव.

लोकसहभागासाठी तू एक मोठी सभा ठरवली आहेस. तिथे वडीलधारे बोलतील, बाळंतिणी गप्प बसतील. अलीकडे बाळंत झालेल्या बायकांना चार-पाच जणींच्या गटात भेट. सुइणी, सफाई करणाऱ्या आणि रुग्णवाहिकेचे चालक यांनाही वेगवेगळं भेट. ‘आराखडा आवडला का’ विचारलंस तर सगळे हो म्हणतील. कळा येत असताना कुठे उभी होतीस, कोण जवळ हवं होतं, कोण नको होतं, हे विचार. मलावीतल्या कासुंगूच्या प्रतीक्षाग्रामात, म्हणजे दिवस भरत आलेल्या बायका बाळंतपणाआधी येऊन राहतात त्या वस्तीत, एकच लांब वॉर्ड न बांधता अंगणांभोवती लहान घरांचे पुंजके केले आहेत. त्याचा प्लॅन बघून घे.

मग एका मोकळ्या मैदानात खडूने खोली खऱ्या मापात आख, खरं स्ट्रेचर आण आणि सुइणींना ते ढकलायला सांग. कुठे अडलं ते त्याच रेषांवर लिही. पुढचा प्लॅन त्यानंतरच पाठव.