ढवळलेलं पाणी थांबताना वेग ठरावीक सेकंदांत निम्मा का होत नाही?

तुम्ही पातेल्यात पाणी ढवळलंत, त्यात फिरणाऱ्या कणांचा मोबाइलवर व्हिडिओ घेतलात आणि फेऱ्या मोजल्यात. वेग दर ठरावीक सेकंदांनी निम्मा व्हायला हवा होता, पण प्रत्येक वेळी निम्मा व्हायला आधीपेक्षा जास्त वेळ लागला. मोजमाप बहुधा बरोबर आहे, गृहीतक चुकलंय.

आकडे घेऊन बघू. त्रिज्या ४० मिलिमीटर, पाण्याची खोली ८० मिलिमीटर, सुरुवातीला सेकंदाला एक फेरी. २० अंश सेल्सिअसच्या पाण्याची श्यानता, म्हणजे आतलं घर्षण (घनतेने भागलेली), साधारण सेकंदाला १ चौरस मिलिमीटर, त्यामुळे हिशेब सोपा होतो. नुसत्या भिंतीच्या घर्षणाने वेग कमी होत असता, तर तो ३७ टक्क्यांवर यायला १६०० भागिले १४.७, म्हणजे सुमारे ११० सेकंद लागले असते. (१४.७ हा ३.८३ चा वर्ग. गोल भांड्याच्या गणितात येणारं J₁ हे बेसेल फलन ३.८३ ला पहिल्यांदा शून्य होतं.) प्रत्यक्षात पाणी याच्या कितीतरी आधी मंदावतं. कारण तळाशी आहे.

तळाला लागून जेमतेम ०.४ मिलिमीटरचा थर असतो. तिथलं पाणी तळाच्या घर्षणाने हळू फिरतं, त्यामुळे बाहेरून आत ढकलणाऱ्या दाबाला ते तोलू शकत नाही आणि मध्याकडे सरकून वर चढतं. चहाची पत्ती कपाच्या मधोमध गोळा होते ती यामुळेच. आइन्स्टाइन यांनी १९२६ मध्ये हेच उदाहरण घेऊन नद्यांच्या वळणांबद्दल लिहिलं होतं. या अभिसरणात भांड्यातलं सगळं पाणी पाळीपाळीने त्या पातळ थरातून जातं. त्याला लागणारा काळ म्हणजे खोली भागिले 'श्यानता गुणिले कोनीय वेग' याचं वर्गमूळ. सेकंदाला एक फेरी म्हणजे कोनीय वेग (फिरण्याचा वेग) ६.२८ रेडियन, त्याचं वर्गमूळ २.५: ८० भागिले २.५, म्हणजे ३२ सेकंद.

खरी मेख इथे आहे: या काळाच्या सूत्रात कोनीय वेग स्वतःच बसलाय. पाणी मंदावलं की अभिसरणही मंदावतं, म्हणून ऱ्हासाचा दर वेगाच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात राहतो. समीकरण सोडवलं की वेग = सुरुवातीचा वेग भागिले (१ + काळ/६४) चा वर्ग. पहिल्यांदा निम्मा व्हायला २६ सेकंद, पुढचा निम्मा ३७ सेकंदांत, त्यापुढचा ५३ सेकंदांत. सूत्रातला गुणक नेमका एक नसतो, त्याच्या आसपास असतो, त्यामुळे तुमचे सेकंद थोडे पुढेमागे येतील. पण निम्मा होण्याचा वेळ वाढत जाणार हे नक्की. साधारण अडीच मिनिटांनी, एका फेरीला ११ सेकंद लागू लागले की, तळाचं अभिसरण इतकं दुबळं होतं की साधं घर्षण बाजी मारतं. तिथून पुढे मात्र क्षय घातांकी होतो, म्हणजे वेग दर ठरावीक सेकंदांनी निम्मा होतो.

शेवटचा क्षय घातांकीच का, याचं उत्तर भांडं बंदिस्त असण्यात आहे. बंदिस्त जागेत सर्वांत मोठा भोवरा भांड्याएवढाच असू शकतो. तो सर्वांत सावकाश विझतो आणि शेवटचा दर तोच ठरवतो. अमर्याद जागेत असा 'सर्वांत मोठा' भोवरा नसतोच, कुठल्याही आकारापेक्षा मोठा आणि अधिक सावकाश विझणारा आकार असतोच. म्हणून तिथे काळाच्या घाताने क्षय होतो. अमर्याद त्रिमितीत एका जागी दिलेल्या उष्णतेचं शिखर (सर्वांत जास्त तापमान) काळाच्या दीडाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात उतरतं. नेव्हिए-स्टोक्स प्रवाहाची (श्यान द्रवाच्या गतीच्या समीकरणांनुसार वाहणाऱ्या प्रवाहाची) ऊर्जा शून्याकडे जाते का, हा प्रश्न गणितज्ञ लरे यांनी १९३४ मध्ये मांडला. १९८५ मध्ये गणितज्ञ मारिया शोनबेक यांनी क्षयाचा दर काढला तो लांब तरंग वेगळे काढूनच. असे निकाल वाचताना दर वेगाच्या नॉर्मचा (एकूण आकारमानाचा) आहे की ऊर्जेचा, म्हणजे त्याच्या वर्गाचा, हे आधी बघा. ऊर्जेचा घातांक दुप्पट असतो आणि इथे हमखास गोंधळ होतो.

लाटांच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. खोल पाण्यात दगड टाकला की लाटांची उंची साधारण काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते, पण ती पसरण्यामुळे. त्यात ऊर्जा नष्ट होत नाही. घर्षणाने उंची ३७ टक्क्यांवर यायला लागणारा काळ तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो: १ सेंटिमीटरच्या लाटेला १.३ सेकंद, १० सेंटिमीटरच्या लाटेला दोन मिनिटं आणि १०० मीटरच्या लाटेला चक्क चार वर्षं. म्हणून तर दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाची लाट केरळच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचते. तिथले कोळी तिला 'कल्लक्कडल' म्हणतात. हे आकडे स्वच्छ पृष्ठभागाचे आहेत, तेलकट किंवा साबणाच्या थराखाली छोट्या लाटा फार लवकर मरतात.

संगणकावर हेच करून बघणार असाल तर सांभाळा. साध्या 'अपविंड' पद्धतीत (प्रवाह जिकडून येतो तिकडचा बिंदू वापरणाऱ्या गणनेत) वेग गुणिले जाळीचं अंतर (गणनेच्या शेजारच्या बिंदूंमधलं) भागिले दोन, जवळपास एवढी खोटी श्यानता आपोआप शिरते. सेकंदाला १०० मिलिमीटर वेग आणि १ मिलिमीटरची जाळी असेल तर ती पाण्याच्या ५० पट होते!

तुमच्या आकड्यांचं आता असं करा. चमचा काढल्यानंतरचे पहिले पाचेक सेकंद वगळा, कारण तेव्हा भिंतीलगतचे छोटे भोवरे वेग जास्तच खातात. मग वेगाच्या वर्गमुळाचा व्यस्तांक काळासमोर मांडा. सरळ रेषा यायला हवी. ती जिथून वर वळू लागेल, तिथून घातांकी टप्पा सुरू झाला असं समजा. रेषा वळण्याऐवजी आडवी झाली, तर तुमच्या व्हिडिओला त्याहून कमी वेग मोजता येत नाहीये. ते बिंदू काढून टाका.