वाचकांचे प्रश्न : "मॅडम, आप कब जाओगे?"

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी सोलापूरची, पूर्व भागात घर, घरी तेलुगू बोलतो पण शिकले मराठीत. जुलैमध्ये अंदमान-निकोबारमधल्या कार निकोबार बेटावर एका निवासी शाळेत गणिताची टीचर म्हणून जॉईन झाले. पर्मनंट नोकरी म्हणून सगळे खूश होते. पण इथे पाऊस थांबतच नाही, संध्याकाळी साडेपाच-सहाला अंधार पडतो, जहाज आलं नाही की भाजी संपते, आणि मुलं वर्गात काही बोलतच नाहीत, प्रश्न विचारला की खाली बघतात. परवा सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, आप कब जाओगे?" मला काही उत्तरच देता आलं नाही. रोज रात्री ट्रान्सफरचे नियम वाचत बसते. राजीनामा देऊ का?

उत्तर : अगं बाळा, राजीनाम्याचं एवढ्यात ठरवू नकोस. तू तिथे गेलीस तीच मुळात सगळ्यात अवघड दिवसांत. मी निकोबारात नोकरी केलीये म्हणून सांगते, तिथे मे महिन्यात पाऊस सुरू होतो तो सप्टेंबरपर्यंत नैऋत्येचा, आणि जरा उघडला म्हणेपर्यंत ऑक्टोबरपासून ईशान्येचा, डिसेंबरपर्यंत. आपल्याकडे चांगल्या वर्षी सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तिथे अडीच हजारांच्या वर. सोलापूरच्या माणसाला वर्षभर आभाळाकडे बघायची सवय, त्याला एवढ्या पावसाचं पहिले चार दिवस कौतुक वाटतं आणि मग अंगावर येतो. जानेवारी ते एप्रिल तिथे उघडीप असते, समुद्र शांत असतो, जहाजं वेळेवर येतात. ते बेट एकदा बघ आणि मग काय ते ठरव.

अंधाराचं म्हणशील तर घड्याळ सगळ्या देशाचं एकच, पण निकोबार सोलापूरच्या पूर्वेला इतकं लांब आहे की सूर्य साधारण तासभर आधी उगवतो आणि आधीच मावळतो. तू सोलापूरच्या सवयीने साडेसहाला उठत असशील तर दिवसाचा सगळ्यात चांगला तास गेलेला असतो. पाचच्या आत उठ, फिरणं, कपडे धुणं, वह्या तपासणं सगळं सकाळी उरक आणि रात्री नऊला झोप. मोबाईलवर ट्रान्सफरचे नियम वाचायला जागरण तर अजिबात करू नकोस, त्या वाचनाने ट्रान्सफर लवकर होत नाही आणि सकाळ मात्र जाते. कपाटात एक छोटा बल्ब सतत चालू ठेव, नाहीतर पुस्तकांना आणि कपड्यांना बुरशी धरते. आणि सोलापुरी चादर नेली असशील तर ती परत पाठव, तिथे एकदा ओली झाली की वाळता वाळत नाही, पातळ सुती चादरच बरी.

आता मुलांचं, कारण खरी गोष्ट तीच आहे.

ती मुलं घरी निकोबारी बोलतात, मैदानावर हिंदी, आणि पुस्तक इंग्रजी. तुझ्या घरी तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी असंच होतं की, त्यामुळे हे तुला मुंबई-पुण्याच्या टीचरपेक्षा लवकर कळेल. माझ्या वर्गात नववीतला एक पोरगा होता, फळ्यापाशी बोलावलं की भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. एकदा शाळेच्या मागे तोच जमिनीत रोवलेल्या टोकदार खुंटावर नारळ सोलत होता, मी म्हटलं एवढ्या पटापट कसं जमतं रे, तर त्याने नारळ माझ्या हातात दिला आणि देठाची बाजू कुठे धरायची, पहिला घाव कुठे घालायचा, मनगट कधी फिरवायचं, हे सगळं हिंदीत न अडखळता सांगितलं. तिथून पुढे मी एकट्या पोराला उभं करणं बंद केलं. चौघांत एक गणित द्यायचे आणि उत्तरही चौघांनी मिळून सांगायचं. तिथे जमीन, नारळाची झाडं, डुकरं सगळं तुहेतचं असतं, म्हणजे मोठ्या एकत्र कुटुंबाचं, त्यामुळे मिळून काम करणं त्यांच्या अंगातच आहे. शेकडेवारी शिकवायची असेल तर खोबरं वाळल्यावर वजन किती घटतं ते त्यांनाच मोजायला लाव, बघ कशी बोलतात.

रविवारी चर्चच्या बाहेर थांबून लोकांशी बोल, फुटबॉलची मॅच असेल तर जा, होड्यांची शर्यत असेल तर नक्की जा. म्हाताऱ्या माणसांना बिशप जॉन रिचर्डसन यांच्याबद्दल विचार. ते कार निकोबारचेच, ब्रह्मदेशात शिकून परत आले आणि बेटावर मुलांना शिकवू लागले, पुढे बिशप झाले, बायबलचा नवा करार निकोबारीत आणला आणि 1952 च्या पहिल्या लोकसभेत अंदमान-निकोबारचे नियुक्त खासदार होते. आपल्या आधी या बेटावर कोण मास्तर होऊन गेलं हे तुला माहीत असायला पाहिजे.

26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीबद्दल मात्र स्वतःहून खोदून विचारू नकोस. तुझ्या विद्यार्थ्यांचा जन्म त्यानंतरचा, पण आईवडिलांनी माणसं गमावलीयेत, गावंच्या गावं किनाऱ्यावरून आत हलवावी लागली. नाताळाच्या दुसऱ्याच दिवशी ते सगळं येतं. कुणी प्रार्थनेला बोलावलं तर जाऊन मागे शांत बस. आणि जोराचा भूकंप जाणवला की भोंग्याची वाट न बघता पोरांना घेऊन किनाऱ्यापासून आत, उंचावर जायचं, हा रस्ता आजच चालून बघून ठेव.

त्या मुलीने विचारलं ते भोचकपणाने नाही गं. दर दोन-तीन वर्षांनी मुख्य भूमीवरून टीचर येतात, जीव लावतात आणि निघून जातात, हे ती बघत आलीये. तिला खरं सांग, "मार्च की परीक्षा तक तो मैं यहीं हूँ." जेवढं पाळता येईल तेवढंच बोल आणि तेवढं पाळ. मार्चनंतरही जीव रमला नाही तर अर्ज कर, त्यात काही गैर नाही. आणि झोप, जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल तर मार्चची वाट बघू नकोस, डॉक्टरांना दाखव, लाजू नकोस.

प्रश्न : आमची मुलगी निकोबारला शिक्षिका आहे. तिला खायला काय पाठवू? फोन लागला नाही की जीव घाबरा होतो. मी जाऊन राहू शकते का? (एक आई, सोलापूर)

उत्तर : ताई, कडक भाकरी पाठवा, पण हवाबंद पिशवीत, दमट हवेत दोन दिवसात मऊ पडते. शेंगा चटणी छोट्या छोट्या पाकिटांत, दुकानदाराकडून व्हॅक्युम पॅक करून घ्या, मोठा डबा उघडला की खवट होतो. लोणचं, मेतकूट, पापड चालतात. पार्सलला वेळ लागतो हे धरूनच चाला.

चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झाली, ती कार निकोबारपर्यंत जाते, त्यामुळे पूर्वीपेक्षा फोन पुष्कळ बरा लागतो. तरी वादळात, लाईट गेल्यावर बंद पडतोच. रोज करण्यापेक्षा वार ठरवून घ्या आणि एखादा वार चुकला तर लगेच वाईट मनात आणू नका.

जायचं म्हणाल तर कार निकोबार आदिवासींसाठी राखीव आहे, 1956 च्या नियमाप्रमाणे पास लागतो, तो प्रशासनाकडून काढावा लागतो. मुलीलाच शाळेमार्फत चौकशी करू दे. पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, पुढे अडीचशेपेक्षा जास्त किलोमीटर समुद्र आहे, तुम्हाला बोट लागत असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जाऊ नका, फेब्रुवारीत जा. आणि सुट्टीत ती येणार असेल तर परतीचं तिकीटही आधीच काढायला सांगा, परीक्षा संपली की सगळे एकदम निघतात आणि जहाजात जागा मिळत नाही.